नावेची ओटी

पोकळ वस्तू दिसली की आमच्या घरमालकांना चैन पडत नसे. तेलंगणातल्या इचोड्याच्या मराठी शाळेत गणित शिकवायला म्हणून माझी बदली झाली आणि मी त्यांच्या वर्कशॉपमागची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, नवरा काय करतो हे विचारलं नाही, मटण-मच्छी खाता का हेसुद्धा विचारलं नाही. फक्त विचारलं, कपाट लाकडाचं की लोखंडाचं, आणि लोखंडाचं असेल तर मागून पोकळ आहे का. मी म्हटलं, काका, कपाट पोकळ नसेल तर कपडे कुठे ठेवायचे? त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि किल्ली दिली. म्हणजे खोली मिळाली, पण मी पास झाले की नापास हे काही कळलं नाही. त्या घरात मी पुढची कित्येक वर्षं याच अवस्थेत काढली.

त्यांचा धंदा ट्रकवर थंड पेट्या बांधायचा. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं आइस्क्रीम, दूध, मासे घेऊन गाड्या जातात, त्यांच्या मागची ती पांढरी पेटी. तिच्या भिंती दुहेरी असतात आणि दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत फोम भरतात. हा फोम गादीतल्यासारखा तयार मिळत नाही. दोन पातळ रसायनं असतात, एक मधाच्या रंगाचं आणि दुसरं काळपट. दोन्ही सारख्या मापानं घ्यायची, ड्रिलला पंखा लावून घुसळायची आणि मिश्रण फुगायच्या आत भोकातून ओतून मोकळं व्हायचं. क्षणभर काहीच होत नाही. मग ते पांढुरकं होतं, तापतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं वर चढतं, आणि चहा पिऊन होईस्तोवर टणक होऊन बसतं.

गाडीला भरून उरलेला माल ते घरात भरत. खाटेचे लोखंडी पाय, दारांच्या चौकटी, खिडक्यांचे पाइप, सगळं ठोकून बघायचे आणि पोकळ वाजलं की भोक पाडून भरून टाकायचे. एकदा मी शाळेत असताना माझ्या टेबलाचे पाय भरले. टेबल पूर्वी डुगडुगायचं ते डुगडुगायचं थांबलं नाहीच, उलट जड मात्र झालं. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "बाई, रिकामी जागा कोनाचीच नसते. मंग तिथं मुंग्या येते, पानी येते, नाहीतं भाऊबंद येते."

या न्यायानं एकदा त्यांनी भिंतीतला विजेचा पाइपही भरला. पुढे आतली तार जळाली, तेव्हा वायरमन दिवसभर तार ओढत राहिला आणि तेलुगूत काय काय बोलला ते मला पूर्ण समजलं नाही हे बरंच झालं. काका शांतपणे बाजूला उभे होते. वायरमन गेल्यावर म्हणाले, तार जळाली हा तारेचा दोष, फोमला कशाला बोलायचं. एकदा काका डॉक्टरकडे गेले आणि त्यानं छातीवर बोटं ठोकून पाहिलं, तर यांनी त्यालाच विचारलं, पोकळ वाजते का म्हणून. हा विनोद होता का? मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, मलेही नाही समजत.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, कामसू, आणि तोंडावर एक कायमचा संयम. या दोघांचं आपसात बोलणं असं की ते माझ्यामार्फत चाले. दोघंही समोरासमोर बसलेले असायचे, मधे मी, आणि काका म्हणायचे, बाई, तिले सांगा भाजीत मीठ जास्त झालं. काकू म्हणायच्या, बाई, त्यायले सांगा काल कमी झालं तवा बी बोलले होते. सुरुवातीला मला वाटलं भांडण झालं असेल, मिटेल. मग वाटलं हा कायमचा अबोला आहे. पण काकू आजारी पडल्या की हेच काका रात्रभर त्यांच्या पायांना तेल चोळत, आणि तेव्हाही मला हाक मारून विचारत, बाई, तिले विचारा दुखते का. मी दारातून विचारायची, काकू, दुखतंय का? काकू म्हणायच्या, सांगा कमी हाय. अशा घरात माणसानं समजायचं तरी काय.

एके दिवशी रिकाम्या ट्रकवर पालथी घातलेली एक नाव आली. पुरात माणसं काढायला वापरतात तसली, फायबरची, भंगारात निघालेली. आमच्या इचोड्यात पाणी म्हणाल तर नळाला एक दिवसाआड, आणि काका स्वतः पाण्याला इतके भित की आंघोळीलाही बादलीपासून जरा लांबच बसत. मी विचारलं, हे काय? तर मला सांगितलं, म्हशीला पाणी प्यायला टाकं. ड्रायव्हर लोकांना सांगितलं, गाडीचं छप्पर करणार आहे. आमच्याकडे म्हैस नव्हती. छपरालाही नावेचा आकार चालत नाही. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून बोलले की ते असं उघडं पडे.

त्यांनी नावेच्या तळाची फळी उचकटली, तर लाकूड कुजून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. खाली जुना फोम. ज्यानं नाव तरंगायची तो फोमच कुठल्यातरी भेगेतून वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. काका खुरप्यानं त्याची ढेकळं काढत आणि मुठीत पिळून मला दाखवत. कळकट पाणी गळे. तेव्हापासून त्यांनी एक धोशा लावला, आत पाण्याचा थेंब राहता कामा नये. भेगा घासून त्यावर कापड आणि राळ चढवली, नवे कप्पे केले, आणि प्रत्येक कप्पा मोठा दिवा लावून आतून सुकवला. पाणी राहिलं तर पुढे कुजणं वेगळंच, पण भरतानाच फोम वेड्यासारखा फुगतो आणि ठिसूळ होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ओल्या हातानं कप्प्याला शिवला म्हणून त्यांनी रंगाऱ्याला अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं झापलं होतं.

फोम तळाशी थोडाच भरायचा, जास्त भरायचा तो दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला. मी कारण विचारलं तर त्यांनी डब्याला थर्माकोल चिकटवून पिंपात सोडून दाखवलं. थर्माकोल तळाला असेल तर डबा पाण्यानं भरला की पालथा होतो, वर कडेला असेल तर भरला तरी सरळ राहतो. "पोट भरून उपेग नाही, बगला भराले पाह्यजे," ते म्हणाले. त्या घरात मला नीट समजलेली ती बहुधा एकमेव गोष्ट.

नाव कशासाठी ते मला शेवटी काकूंनी सांगितलं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, वर न बघता.

काकांचं मूळ गाव पैनगंगेच्या काठी. लग्नानंतर काकूंना मूल झालं नाही. पहिली काही वर्षं कोणी बोललं नाही. मग थोरल्या जावेला दिवस गेले आणि तिचं डोहाळजेवण झालं. बायका एकेक करून पुढे होऊन ओटी भरत होत्या. काकूंची पाळी आली तशी सासूनं त्यांना म्हटलं, जा, आतून पाण्याचा गडवा आण. काकू पाणी घेऊन आल्या तोवर ओटीचं ताट उचललेलं होतं. कोणी काही वावगं बोललं नाही. काका दारात उभे होते आणि त्यांनी ते पाहिलं. त्याच आठवड्यात ते काकूंना घेऊन इचोड्याला आले, आणि त्यानंतर गावात गेले तरी त्या घरी कधी जेवले नाहीत.

जावेचा तेव्हा पोटात असलेला मुलगा आता मोठा झाला होता. त्याची बायको गरोदर होती आणि तिचं माहेर नदीपलीकडे, अगदी समोर. गावाचा लाकडी डोंगा कुजून गेला होता. पुलावरून जायचं तर मोठा वळसा आणि खड्ड्यांचा रस्ता, गरोदर बाईला कोण तसं नेणार? म्हणून भाऊ काकांकडे आला होता. तू गाड्या बांधतोस, आम्हाला नाव बांधून दे.

आता त्या गावची रीत अशी की नवी नाव म्हणजे लेक. पाण्यात घालण्याआधी तिची ओटी भरायची, आणि जी बाई ओटी भरेल ती त्या नावेची आई. मग गावात कोणाचीही ओटी असो, पहिला मान नावेच्या आईचा. काकांनी भावाला सांगितलं होतं, नाव फुकट देतो, पण ओटी हीच भरेल. कबूल असेल तर नाव येईल, नाहीतर इथेच वर्कशॉपात पालथी राहील. भावानं मान डोलावली. जाऊबाईंनी हो म्हटलं, पण अर्ध्या तोंडानं.

मी विचारलं, काकू, तुम्हाला हवंय का हे सगळं? त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "मले कोनी इचारलंच नाही बाई," त्या म्हणाल्या. मग सूप पुन्हा मांडीवर घेत, "पन पाह्यजे."

ओटी भरायचा दिवस ठरला. गावाहून टेम्पो करून भाऊ, जाऊबाई आणि बरोबर चार बायका आल्या. तिथं पहिला वाद झाला. रिवाजानं ओटी नावेच्या नाकाशी ठेवतात आणि मग नदीत सोडतात. काकांचं म्हणणं, सोडली की वाहून जाते, आतच राहू द्या. नावेच्या पुढच्या टोकाचा कप्पा त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता. ओटी त्यात ठेवायची आणि वरून फोम भरायचा, म्हणजे नाव असेस्तोवर ओटी तिच्या पोटात. जाऊबाई म्हणाल्या, असं कुठं पाहिलं नाही. काका म्हणाले, आता पाहा.

काकूंनी हिरवं पातळ नेसलं होतं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, एकेक गोष्ट त्या कप्प्यात ठेवत गेल्या. एक दाणाही सांडला नाही. शेवटी जाऊबाईंनी पैनगंगेचं पाणी भरून आणलेला तांब्या पुढे केला. त्यातले दोन थेंब फुलानं शिंपडायचे असतात. काकूंनी तांब्या हातात घेतला, कप्प्यावर धरला आणि सगळाच्या सगळा आत ओतला. सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

मी काकांकडे पाहिलं. दोन दिवस दिवा लावून तो कप्पा त्यांनीच सुकवला होता. हातात ड्रिल घेऊन ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते, डोळे तांब्याकडे. बाई, तिले सांगा, असंही म्हणाले नाहीत. पाणी ओतून झालं तशी त्यांनी कप्प्यावर भोकं पाडलेली फळी बसवली, रसायनं घुसळली आणि भोकातून ओतली.

फोम चढला. नेहमीसारखा चढला आणि मग थांबायचं तिथं थांबला नाही. भोकांमधून बाहेर आला, वरच्या फळीखाली फुगत गेला, आणि फळी मधोमध तडकली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. फटीतून पिवळट ढेकूळ वर आलं, त्यात तांदळाचे दाणे अडकलेले आणि खणाचं एक टोक. मग जाऊबाई बोलल्या, मोठ्यानं नाही, बोलायचं तेवढंच.

"नावेनं ओटी ओकली."

काकू आत गेल्या. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. सगळ्यांना त्यांनी जेवू घातलं, जाऊबाईंना दुसऱ्यांदा आग्रह करून पिठलं वाढलं. मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

पाहुणे गेल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेले. काका फळीच्या फटीवरून बोट फिरवत होते. मी सरळ विचारलं, पाणी ओतत होत्या तेव्हा थांबवलं का नाही? त्यांनी मला एकच उत्तर दिलं आणि त्याचा अर्थ मी आजवर लावते आहे.

"ती वतून राह्यली होती ना," ते म्हणाले.

म्हणजे काय? जावेच्या देखत तिला टोकायचं नव्हतं, असं समजू? की तिच्या हातून होईल तेच बरोबर? की त्यांना आतून वाटत होतं की फुटू दे एकदाचं, नाव इथंच राहू दे, गाव गेलं खड्ड्यात? हा तिसरा विचार मला आवडत नाही, पण तोही मनात येतो. आणि काकूंनी तांब्या रिकामा तरी का केला? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, थेंबभरानं काय होते बाई, इतक्या वर्षांची तहान. हे त्यांनी नावेबद्दल म्हटलं की आणखी कशाबद्दल, मी विचारायला धजले नाही.

गावाहून निरोप आला, पुढचा भाग कापा, ती ओटी काढा, दुसऱ्या बाईच्या हातानं भरू. एका दिवसाचं काम होतं. नुसत्या कामाच्या दृष्टीनं पाहिलं तरी तो फोम ठिसूळ झाला होता, काढलेलाच बरा. काकांनी निरोप्याला सांगितलं, भरलेली ओटी काढत नसते. मग त्यांनी बाहेर आलेलं ढेकूळ करवतीच्या पात्यानं सपाट केलं, फळी सांधली आणि वरून राळ चढवली. राळेखालून खणाचं हिरवं टोक दिसत होतं. ते झाकायला रंगाचा एक हात पुरला असता, पण त्यांनी दिला नाही.

मार्गशीर्षात नाव नदीवर नेली. मीही गेले. काठावर सगळं गाव जमलं होतं आणि नाव पाण्यात उतरवल्यावर तिच्यात पाय ठेवायला कोणी पुढे होईना. भाऊ खाली मान घालून उभा. जाऊबाईंची सून मोठं पोट सावरत मागे दगडावर बसली होती. काकांनी सांगितलं, हिच्या बुडाचं बूच काढतो, नाव पाण्यानं काठोकाठ भरू द्या, बुडली तर माझी, तरली तर तुमची. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, माणसाविना तर ओंडकाही तरंगतो, त्यात काय पाहायचं. खरं होतं ते. मलाही पटलं.

काकूंनी निऱ्या खोचल्या, पाण्यात उतरल्या आणि नावेत जाऊन पुढच्या टोकाला बसल्या. जिथं फळी तडकली होती तिथंच. त्यांना पोहता येत नव्हतं. काका गुडघाभर पाण्यात शिरले. बादलीभरापेक्षा जास्त पाण्याजवळ गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते कमरेपर्यंत गेले, मागच्या बाजूला वाकले, बुचावर हात ठेवला. मधे मी नव्हते, कोणीच नव्हतं.

"काढू का?"

"काढा."

पाणी आत यायला लागलं. काकूंचे पाय बुडाले, मग मांड्या, मग कंबर. नाव खाली खाली जात होती आणि डुलत होती. मी डोळे मिटले, उघडले. डबा, थर्माकोल, बगला, मनात सगळं घोकत होते आणि त्यातल्या कशावरही माझा विश्वास उरला नव्हता. नावेची कड पाण्याला टेकली. आता गेली असं वाटलं, आणि मग ती तिथंच राहिली. पाण्याच्या बरोबरीनं, सरळ. पुढचं टोक तर चार बोटं वरच होतं. काकू नावेतल्या पाण्यात बसलेल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, समोर पलीकडच्या काठाकडे बघत. बराच वेळ झाला. नाव गेली नाही.

मग जाऊबाई पाण्यात उतरल्या. लुगडं भिजलं तरी थांबल्या नाहीत, नावेपाशी गेल्या आणि कडेला हात लावून उभ्या राहिल्या. जावा जावा इतक्या जवळ, आणि दोघींपैकी एकीचंही तोंड मला दिसत नव्हतं.

"उतर आता," जाऊबाई म्हणाल्या. "पोरीची ओटी भराची हाय. वल्ल्या पातळानं भरशीन का?"

काकू उतरल्या, पाण्यातून चालत काठावर आल्या, आणि उन्हातला एक मोठा खडक बघून त्यावर बसल्या. पदर पिळला, मांडीवर पसरला.

"वाळू द्या," त्या म्हणाल्या.

काका मागे वळून नावेतलं पाणी उपसायला लागले. सून दगडावर होती तिथंच नीट सावरून बसली. भाऊ, जाऊबाई, त्या चार बायका, मी, सगळेच आपापल्या जागी थांबलो. कोणी घाई करा म्हटलं नाही. आणि अख्खं गाव काकूंचं पातळ वाळायची वाट पाहत उन्हात उभं राहिलं.